दोनदा मोडलेलं विमान

रानपाखरू

मागच्या आठवड्यात विमानप्रवासाच्या धाग्यावर एका सदस्यांनी ठासून लिहिलं होतं की इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं. तिथं अवांतर नको म्हणून इथं वेगळी चूल मांडतोय. गोष्ट अमेरिकेतली, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली. तारीख ५ नोव्हेंबर १९५९.

एक्स-१५ या चाचणी रॉकेटविमानाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीनं अशी तीनच विमानं बांधली. काळंकुळं, भाल्याच्या फाळासारखं धूड आणि पंख इतके आखूड की चित्र काढताना कागद संपला म्हणून आवरते घेतलेत असं वाटावं. हे विमान जमिनीवरून उडायचंच नाही. बी-५२ बॉम्बरच्या उजव्या पंखाखाली अडकवून वर न्यायचं आणि सुमारे ४५ हजार फुटांवर, म्हणजे पावणेचौदा किलोमीटरवर, सोडून द्यायचं. मग वैमानिकानं रॉकेट पेटवायचं. इंधन संपलं की पुढचा सगळा परतीचा प्रवास इंजिनाविना. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी हे विमान दर वेळी बंद इंजिनानंच उतरायचं!

मग इंजिन बिघडलं तर बिघडलं, घाबरायचं कशाला? हाच प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता या गोष्टीत अडकलो.

वैमानिक होते स्कॉट क्रॉसफील्ड. पेशानं इंजिनियर. २० नोव्हेंबर १९५३ रोजी ध्वनीच्या दुप्पट वेग गाठणारा जगातला पहिला माणूस. पुढे सरकारी संशोधन संस्था सोडून ते नॉर्थ अमेरिकनमध्ये गेले ते या एक्स-१५ साठीच. विमानाचं खरं इंजिन अजून तयार नव्हतं, म्हणून तात्पुरती सोय म्हणून जुन्या जातीची दोन एक्सएलआर-११ इंजिनं वरखाली बसवली होती. प्रत्येकात चार ज्वलनकक्ष, एकूण आठ. इंधन म्हणजे पाणी मिसळलेलं अल्कोहोल, सोबत द्रवरूप ऑक्सिजन. यांचा जोर कमीजास्त करता यायचा नाही. एकेक कक्ष पेटवायचा किंवा विझवायचा, घरातल्या दिव्याच्या बटणासारखा.

त्या दिवशी दोन नंबरच्या विमानाचं तिसरं रॉकेट-उड्डाण. बी-५२ नं सोडलं, क्रॉसफील्डनी कक्ष पेटवले आणि खालच्या इंजिनाचा एक कक्ष फुटला. मागं आग. ही आग त्यांना स्वतःला दिसणं शक्य नव्हतं, ती दिसली सोबत उडणाऱ्या पाठराखण विमानातून. त्यांनी सगळं बंद केलं. इथवर काही सेकंदांचा मामला.

खरी गोष्ट इथून सुरू होते. बी-५२ पासून सुटताना एक्स-१५ चं वजन सुमारे १५ टन. नेहमीच्या उड्डाणात उतरताना साडेसहा टनांच्या आसपास. बाकीचं सगळं इंधन, जे वाटेत जळून जायचं. आज ते जळलंच नव्हतं. पोटात तसंच.

इंधन बाहेर ओतून द्यायची सोय होती, क्रॉसफील्डनी ती लगेच वापरली. पण विमान उतरतंय नाक खाली करून, चांगल्याच तीव्र उतारानं. टाकीतलं इंधन पुढं सरकलं आणि बाहेर जायच्या तोंडापाशी पोचेना. तेलाचा डबा तळाला आल्यावर आपण तिरका करतो ना, तो नेमका उलट्या बाजूला तिरका झाला असं समजा. सगळं इंधन बाहेर पडलंच नाही.

खाली रोझमंड ड्राय लेक. पाणी आटून गेलेलं, फरशीसारखं सपाट कोरडं सरोवर. क्रॉसफील्डनी विमान तिथं व्यवस्थित आणलं. मागं चाकांऐवजी असलेल्या घसरपट्ट्या टेकल्या, मग नाकाचं चाक धाडकन आदळलं आणि विमानाची पाठ मोडली. कॉकपिटच्या मागे, पोटाकडून उघडलं. तसंच ते पोट घासत काही अंतर गेलं आणि थांबलं. क्रॉसफील्डना काही झालं नाही.

याच विमानाची दुसरी गोष्ट यापेक्षा वाईट आहे. जेवायला हाका सुरू झाल्यात, ती प्रतिसादात लिहितो.

---

कंदीपेढा

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)! पण एक शंका. पावणेचौदा किलोमीटर उंची होती, हातात वेळ होता, तर माणूस सरळ उडी मारून मोकळा का नाही झाला? विमान काय, दुसरं बांधता येतं.

---

रानपाखरू

@कंदीपेढा, खुर्ची होतीच, बाहेर फेकणारी. पण चाचणी वैमानिक विमान सोडतो ते अगदी नाइलाज झाल्यावर. आग विझलीये, विमान हाताला येतंय, खाली तलाव आहे, मग सोडायचं कशाला? शिवाय विमान वाळवंटात आदळून चुरा झालं असतं तर कक्ष का फुटला आणि नाकाचं चाक का वाकलं, यातलं काही कळलंच नसतं. तो मोडका सांगाडा घरी आला म्हणून कारण सापडलं.

---

नाना_हडपसरकर

छान विषय. तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचो, त्या जोरावर दोन शब्द.

आमच्याकडे इंजिनच नव्हतं, त्यामुळं ते बंद पडायची भीतीही नव्हती. पण विंचच्या (जमिनीवरून तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) तारेनं ग्लायडर वर ओढताना तार तुटू शकते, आणि त्याची तालीम आधीपासून करून घेतात. शिक्षक न सांगता मध्येच तार सोडून द्यायचे. त्या क्षणी ग्लायडरचं नाक आकाशाकडं असतं आणि ओढणारं कुणी नसतं. मन म्हणतं, दांडी मागं ओढ, वर राहा. करायचं असतं बरोबर उलटं. आधी नाक खाली, वेग राखायचा, मग बाकीचा विचार. उंची कमी असेल तर समोर जे मैदान दिसतंय तिथंच उतरायचं, वळायचं नाही. वळायचा मोह लई वाईट. इंजिन गेलं म्हणून माणसं मरतात त्यापेक्षा मागं वळून धावपट्टी गाठायच्या नादात जास्त मरतात, असं आमचे शिक्षक सांगायचे.

'दगडासारखं' या शब्दाबद्दल. आमचं साधं शिकाऊ ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्च करून वीसेक किलोमीटर पुढं जायचं. प्रवासी जेटही पंधरा-सतरा किलोमीटर सहज जातं. रानपाखरूसाहेब, तुमच्या त्या काळ्या भाल्याचा आकडा काय?

---

रानपाखरू

नाना, दंडवत. त्याचा आकडा चार! एक किलोमीटरला चार किलोमीटर, तेही सगळं नीट जमलं तर. सराव करायला वैमानिक एफ-१०४ लढाऊ विमान घ्यायचे आणि त्याची चाकं, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा), हवेचे ब्रेक सगळं बाहेर काढून, इंजिन मंद ठेवून ते मुद्दाम वाईट उडवायचे, तेव्हा कुठं एक्स-१५ सारखा उतार मिळायचा.

तुमच्या तार तुटण्याच्या तालमीवरून सांगतो. एक्स-१५ ची आखणीच त्या विचारानं केलेली होती. पुढच्या काळात उड्डाणं लांब पल्ल्याची झाली, पार नेवाडातून. मार्ग असा निवडायचा की कोणत्याही क्षणी इंजिन गेलं तरी एखादा कोरडा तलाव घरंगळण्याच्या टप्प्यात असलाच पाहिजे. विमान सोडायचं तेही एका तलावाच्या माथ्यावर. इंजिन पेटलंच नाही तर त्याच तलावावर उतरायचं, हे जमिनीवर असतानाच ठरलेलं. वर गेल्यावर डोकं चालवायला वेळ नसतो.

---

शेवगा

लेख वाचनीय आहे, पण माझ्या मनात खुसपट आहे. जड विमान उतरवलं म्हणून मोडलं असं तुम्ही म्हणताय. म्हणजे चूक क्रॉसफील्डची की इंधन न ओतणाऱ्या टाकीची? की नाकाच्या चाकाची? वैमानिक हिरो असला की दोष यंत्राच्या नावावर लिहायची आपल्याला खोड आहे.

---

रानपाखरू

@शेवगा, खुसपट रास्त आहे. जूनमध्ये, एक नंबरच्या विमानाच्या पहिल्याच उड्डाणात, उतरताना विमानानं वरखाली हेलकावे खाल्ले होते आणि तेव्हाही क्रॉसफील्डवर बोटं उठली होती. त्यामुळं इथंही आधी तोच संशय घेणं साहजिक होतं. पण नाकाच्या चाकाचा दांडा उघडून पाहिल्यावर वेगळंच निघालं.

त्या दांड्यात धक्का सोसण्यासाठी तेल आणि नायट्रोजन वायू. स्कूटरच्या शॉकअपचाच थोरला भाऊ. उड्डाणात तो दांडा दाबून, मिटवून पोटात ठेवलेला असायचा. त्या अवस्थेत वायू तेलात मिसळून फेस व्हायचा. उतरताना दांडा बाहेर आला तरी आत तेल नाही, फेस. ताक घुसळल्यावर वर येणारा फेस पिऊन तहान भागते का? तसंच. पहिल्या काही इंचांत दांड्यानं धक्का घेतलाच नाही, आणि मग सगळा एकदम घेतला.

त्यात या विमानाची ठेवणच विचित्र. मागं चाकं नाहीत, पोलादी घसरपट्ट्या आहेत, त्याही अगदी शेपटीला. पुढं दोन जुळी चाकं, पण ती वळवता येत नाहीत, ब्रेक नाहीत. म्हणून धावपट्टी नको, तलावच हवा. शेपूट आधी टेकली की ती बिजागरी होते आणि अख्खं नाक वरून आपटतं. हलक्या विमानाला हे कसंबसं सोसायचं. जड विमान, फेसाळलेला दांडा आणि ही बिजागरी, तिन्ही एकत्र आले.

पुढं दांड्यात वायू आणि तेल यांच्यामध्ये सरकता दट्ट्या घातला, म्हणजे दोघांची भेटच नको. विमानाची पाठ सांधून ११ फेब्रुवारी १९६० ला ते पुन्हा उडालं, क्रॉसफील्डच होते आत. तीन महिने आणि वर काही दिवस. आमच्या गल्लीतला रस्ता यापेक्षा जास्त दिवस खोदून ठेवलाय, ते असो.

---

उंडारकी

क्रॉसफील्ड म्हणजे तेच ना, ज्यांनी विमान हँगरच्या (विमानं ठेवायच्या शेडच्या) भिंतीत घातलं होतं? तो किस्सा कुणीतरी नीट सांगा. मी अर्धवट ऐकलाय.

---

नाना_हडपसरकर

हा किस्सा माझा आवडता, मीच सांगतो. सप्टेंबर १९५४, कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ. क्रॉसफील्ड एफ-१०० लढाऊ विमान घेऊन गेले होते. इंजिनात आग लागल्याची सूचना दिसली, त्यांनी इंजिन बंद केलं. एफ-१०० बंद इंजिनानं उतरवणं तेव्हा महाकठीण समजलं जायचं. या पठ्ठ्यानं तलावावर असं अलगद उतरवलं की बघणारे थक्क.

इथंच थांबले असते तर? पण विमानाला अजून वेग होता आणि आपल्या संस्थेचं हँगर समोर दिसत होतं. ओढून न्यायला ट्रॅक्टर कशाला, आपणच घरंगळत दारात जाऊन उभं राहू असा विचार केला असणार. तलावावरून वर फरसबंदीवर आले, ब्रेक दाबला, पण इंजिन बंद असल्यामुळं ब्रेकचा साठवलेला दाब संपलेला! विमान घरंगळत हँगरमध्ये शिरलं आणि पलीकडच्या भिंतीतून नाक बाहेर. ध्वनीची भिंत (म्हणजे ध्वनीचा वेग) चक येगरनी तोडली आणि हँगरची क्रॉसफील्डनी, असा विनोद मग वर्षानुवर्षं चालला.

सांगायचं हे की अवघड भाग झाल्यावर माणूस सैल पडतो. ग्लायडर उतरल्यावरही पंख जमिनीला टेकून थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, हे आम्हाला ओरडून सांगायचे.

---

रानपाखरू

आता राहिलेली गोष्ट.

९ नोव्हेंबर १९६२. विमान तेच, दोन नंबर. आता त्यात खरं, मोठं एक्सएलआर-९९ इंजिन बसलंय. अमोनिया आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं, जोर कमीजास्त करता येणारं. वैमानिक नासाचे जॅक मॅके. नेवाडातल्या मड लेकवर बी-५२ नं सोडलं. इंजिन पेटलं, पण तीस टक्क्यांवर अडकलं. थ्रॉटल पुढं सारला तरी जोर वाढेना.

एडवर्ड्स, म्हणजे घरचा तळ, तिथून तीनशे किलोमीटरहून जास्त लांब. नियम ठरलेला होता, त्यांनी इंजिन बंद केलं, इंधन ओतायला सुरुवात केली आणि मड लेककडं वळले. इथवर १९५९ ची पुनरावृत्ती. मग फ्लॅप उघडेनात. फ्लॅप नाहीत म्हणजे हळू उडता येत नाही, म्हणजे उतरायचं ते नेहमीपेक्षा कितीतरी वेगात. विमान टेकलं तेव्हा वेग ताशी सुमारे ४७५ किलोमीटर होता.

नाक आपटल्यावर शेपटीच्या पंखांचा दाबही मागच्या घसरपट्ट्यांवरच येतो. डावी पट्टी मोडली. विमान तिरकं झालं, पंख जमिनीत रुतला आणि ते उलटं झालं. उलटण्याच्या क्षणभर आधी मॅके यांनी कॉकपिटवरचं झाकण उडवून दिलं होतं, अडकून पडू नये म्हणून. त्यामुळं विमान पालथं झाल्यावर त्यांचं हेल्मेट थेट जमिनीला टेकलं. माणूस आत, डोकं खाली, आणि टाक्यांतून अमोनियाची वाफ येतेय.

मदतीची माणसं तलावावर आधीपासून होती, अग्निशमन गाडीसह. पण अमोनियामुळं जवळ जाता येईना. तेव्हा हेलिकॉप्टरच्या वैमानिकानं डोकं चालवलं. हेलिकॉप्टर शेजारी तरंगत ठेवलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं वाफ उडवून लावली. मग खालची माती उकरून मॅकेंना बाहेर काढलं.

पाठीचे मणके चेपले होते. उंची जवळजवळ इंचभर कमी झाली म्हणतात. आणि तरीही ते पुन्हा एक्स-१५ उडवायला आले. त्यांच्या नावावर एकूण २९ उड्डाणं आहेत. पाठीनं मात्र पुढं पिच्छा सोडला नाही. १९७५ साली, बावन्नाव्या वर्षी गेले.

---

कंदीपेढा

बाप रे. ते हेलिकॉप्टरवालं वाचून अंगावर काटा आला. त्या माणसाला कुणी हार घातला की नाही?

पण तीस टक्के तर चालू होतं ना इंजिन? अगदीच बंद करायची काय घाई होती?

---

रानपाखरू

तीस टक्क्यांवर विमान एडवर्ड्सला पोचत नाही, आणि खालचा तलाव मात्र मागं पडत जातो. हळूहळू जाऊन बघू म्हणण्यात धोका हा की दोन तलावांच्या मध्ये, डोंगरावर, इंजिन पूर्ण जायचं. घाटात गाडी धापा टाकायला लागली की शहाणा ड्रायव्हर दिसेल त्या रुंद वळणावर थांबतो, माथ्यापर्यंत जाऊ म्हणत नाही.

---

रंकाळा

आमच्या कोल्हापूरची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा न्हाई! चाचणी विमान नव्हतं, पण सक्तीचं उतरणं होतं.

३ फेब्रुवारी १९५२. हवाई दलाचं डेव्हन विमान लखनौहून दिल्लीला निघालं. आत लष्कराचे बडे अधिकारी. त्यात श्रीनागेश होते, जे पुढं लष्करप्रमुख झाले, आणि आमचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. वाटेत एका इंजिनाला आग लागली. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास. त्यांनी संडीलाजवळ एका शेतात विमान उतरवलं आणि आतला एकूणएक माणूस जिवंत बाहेर आला. बिस्वास यांना अशोकचक्र मिळालं, हवाई दलातलं पहिलंच.

इथं ना कोरडा तलाव, ना हेलिकॉप्टर, ना पाठराखण विमान. उत्तर प्रदेशातलं शेत, बांध आणि जळतं इंजिन. मला विचाराल तर हे जास्त अवघड हाय.

---

शेवगा

रंकाळा, माहिती उत्तम, पण अवघड-सोपं असा कुस्तीचा फड लावू नका. दोन्हीकडं वैमानिकाचं काम निराळं. बिस्वास यांच्या विमानाचे गुण-दोष आधीपासून माहीत होते. चाचणी वैमानिकाला आपलं विमान नाक खाली केल्यावर इंधन ओततं की नाही, हेच त्या क्षणी पहिल्यांदा कळत असतं.

आणि सगळ्याच गोष्टींचा शेवट माणूस बाहेर येण्यात होत नाही. ६ मार्च २००९ ला सारस या आपल्या देशी बनावटीच्या छोट्या प्रवासी विमानाचा दुसरा नमुना बेंगळुरूजवळ बिडदीपाशी कोसळला. हवेत एक इंजिन मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करायची चाचणी होती. दोन वैमानिक आणि चाचणी अभियंता, तिघेही हवाई दलाचे, तिघेही गेले. इंजिन बंद पडेल तेव्हा काय होईल हे प्रवाशांआधी कुणालातरी पाहावं लागतं, ते हे लोक पाहत होते.

---

रंकाळा

शेवगासाहेब, फड मागं घेतला. सारसचं विसरलोच होतो.

---

उंडारकी

मला ते तलाव छळतायत. पावसाळ्यात त्यात पाणी साचत नाही का? आणि वरून फरशीसारखा दिसणारा तलाव खालून दलदल निघाला तर?

---

रानपाखरू

साचतं, आणि तसं घडलंही. हिवाळी पावसात तलाव भिजले की ते वाळेपर्यंत उड्डाणं अडून राहायची. वाळला की नाही हे नजरेनं ठरवायचं नाही. एक लोखंडी गोळा ठराविक उंचीवरून जमिनीवर टाकायचा आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. खळगा मोठा, तर तलाव बाद. इतकी साधी गोष्ट आणि तिच्यावर ताशी सात हजार किलोमीटरचं विमान अवलंबून! मला या सगळ्या प्रकल्पात हा गोळा सर्वांत आवडतो.

नजरेनं ठरवल्यावर काय होतं त्याचा मासला म्हणजे एप्रिल १९६२. स्मिथ्स रँच नावाचा तलाव वाळलाय का बघायला चक येगर आणि नील आर्मस्ट्राँग टी-३३ जेट घेऊन गेले. चाकं चिखलात रुतली आणि विमान तिथंच. ध्वनीची भिंत तोडणारा पहिला माणूस आणि चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला माणूस नेवाडाच्या चिखलात मदतीची वाट बघत बसलेत! चूक कुणाची यावर दोघांच्या हकिकती शेवटपर्यंत जुळल्या नाहीत.

---

कंदीपेढा

फोटो काढायला कुणी नव्हतं का तिथं 😀

मॅकेंच्या अपघातानंतर त्या विमानाचं काय झालं? भंगारात?

---

रानपाखरू

तीच तर गंमत, आणि धाग्याचं नाव त्यावरूनच आहे. एवढं मोडलंय तर नुसतं दुरुस्त कशाला, वाढवूनच घेऊ असं ठरलं. पोट सव्वादोन-अडीच फुटांनी लांबवलं, बाहेरून दोन मोठ्या इंधनटाक्या लावायची सोय केली, घसरपट्ट्यांचे पाय लांब केले. जून १९६४ मध्ये ते एक्स-१५ए-२ म्हणून परत उडालं.

३ ऑक्टोबर १९६७ ला पीट नाइट यांनी त्यात बसून ध्वनीच्या ६.७ पट वेग गाठला, ताशी ७,२७४ किलोमीटर. पंखांच्या, माणूस आत बसलेल्या विमानांत हा आकडा रॉकेटविमान म्हणून अजून कुणी ओलांडलेला नाही. अवकाशातून परत येणारी याने वेगळी, त्यांची इथं गणती नको. त्या उड्डाणात उष्णतेनं खालचं शेपूट जळून भोकं पडली आणि ते विमान परत कधी उडालं नाही. एकदा पाठ मोडली, एकदा पालथं पडलं, आणि विक्रम केला तो त्यानंच. धड राहिलेल्या एक नंबरनं नाही.

सध्या ते ओहायोत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. तिकडचं कुणी वाचत असेल तर एकदा जाऊन कॉकपिटच्या मागं जोड दिसतो का बघा.

---

ओहायोची_माई

मी वाचतेय! डेटनपासून तासाभरावर राहते. शनिवारी पोराला घेऊन जाऊन आले, संग्रहालय फुकट आहे त्यामुळं नवऱ्याचीही हरकत नव्हती.

रानपाखरूदादा, जोड काही सापडला नाही. दोरीच्या अलीकडून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून पाहिलं, शेवटी तिथले स्वयंसेवक आजोबा माझ्याकडं संशयानं बघायला लागले. विमान वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. काच तर एवढीशी, त्यातून तलाव कसा शोधत असतील कोण जाणे.

मागच्या पट्ट्या बघून पोरगं म्हणालं, आई, याला मागं चाकं लावायला विसरले. मी बिजागरीची सगळी गोष्ट सांगितली. त्यावर त्याचा प्रश्न : मग पट्ट्या जरा पुढं का नाही लावल्या? याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

---

नाना_हडपसरकर

माई, पोराला सुट्टीत पुण्याला पाठवा. योग्य जागी बोट ठेवलंय त्यानं.

---

रानपाखरू

माई, खूप आभार, इतकं वाकल्याबद्दल विशेष. पोराला सांगा, पुढं म्हणजे मधल्या भागात टाक्याच टाक्या आहेत. पाय दुमडून ठेवायला जागा आणि मजबूत आधार मिळाला तो शेपटीकडं. शिवाय घर्षण मागं असलं की जमिनीवर घसरताना विमान सरळ राहतं, आपोआप. नाकाला त्याची किंमत मोजावी लागली.

---

शेवगा

जाता जाता एक कबुली. त्या दुसऱ्या धाग्यावरचा दगडवाला सदस्य मीच. विधान मागं घेतो, पण अर्धंच. किलोमीटरला चार किलोमीटर म्हणजे जरा बरा भिरकावलेला दगडच झाला की हो.